भीमथडीचा शेतकरी आणि वास्तववादी चित्रकला

युरोपातल्या चित्रकलेत खेड्यातल्या कष्टकऱ्याला मानाचे स्थान मिळाले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर. गुस्ताव कूर्बे याने १८४९ मध्ये खडी फोडणारे मजूर रंगवले, तर मिले याने १८५७ मध्ये शेतात वाकून सरवा वेचणाऱ्या तीन बायका. त्याच १८५७ साली मुंबईत जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झाले आणि हुबेहूब चित्रणाचे रीतसर शिक्षण इथे मिळू लागले.

पुण्याच्या पूर्वेला त्या काळी भीमथडी तालुका होता. आज दौंड तालुक्यात असलेले यवत याच भागातले. पाऊस बेभरवशाचा, पीक ज्वारी-बाजरीचे. अमेरिकेतले यादवी युद्ध १८६५ मध्ये संपताच युद्धामुळे चढलेले कापसाचे भाव कोसळले. पाठोपाठ सारा वाढला आणि कुणबी सावकाराच्या खात्यात रुतत गेला. १२ मे १८७५ रोजी याच तालुक्यातल्या सुप्याच्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांची दुकाने फोडली, कर्जरोखे काढून जाळले. दंग्याचे लोण शिरूरकडेही गेले. १८७९ मध्ये सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला.

कॅनव्हासवर मात्र हा शेतकरी लवकर आला नाही. चित्रे विकत घेणारे संस्थानिक आणि धनिक होते. त्यांना व्यक्तिचित्रे आणि पौराणिक प्रसंग हवे असत. महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी कोळणी, मजूर, फेरीवाले आपुलकीने रंगवले. लुगड्याचा काष्टा, डोक्यावरच्या पाटीचा तोल, दागिन्यांची घडण त्यांनी अचूक टिपली. तरी ही माणसे बहुधा त्या त्या जातीची वा धंद्याची प्रतिनिधी म्हणून समोर येतात. त्यांच्या डोक्यावरचे कर्ज चित्रात दिसत नाही.

ते दाखवले कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) यांनी, तेही चित्रपटात. नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता ते सिनेमाकडे वळले. पौराणिक चित्रपटांची चलती असताना १९२५ मध्ये त्यांनी हरी नारायण आपटे यांच्या कथेवर ‘सावकारी पाश’ काढला. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला शेतकरी शहरात गिरणी कामगार होतो, अशी ही कथा. तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम होते. याच कथेवरच्या १९३६ च्या बोलपटात दुरून दिसणारी अंधारातली झोपडी आणि कुत्र्याचे विव्हळणे एवढ्यावर बाबूरावांनी कुणब्याची दैना उभी केली. छायाप्रकाशाची ही जाण चित्रकाराची होती. भारतीय सामाजिक वास्तववादी चित्रपटाची सुरुवात ‘सावकारी पाश’पासून मानली जाते.