निदर्शन-परवानगीतील भेदभाव

सभा, मोर्चा किंवा निदर्शनाला परवानगी देताना प्रशासनाने समान स्थितीतील गटांना वेगवेगळा न्याय लावणे. संविधानाचा अनुच्छेद १९ (१) (ख) शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा, तर अनुच्छेद १४ समान वागणुकीचा हक्क देतो. हिम्मतलाल शाह खटल्यात (१९७२) सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना परवानगीबाबत निकषांविना मनमानी अधिकार देणारा नियम रद्द ठरविला.

आदिलाबाद जिल्ह्यातील नार्नूर-उटनूर पट्ट्यात, महाराष्ट्राच्या सीमेलगत, या प्रश्नाची सर्वांत रक्तरंजित आठवण इंद्रवेल्लीची आहे. २० एप्रिल १९८१ रोजी गिरिजन रयतू कुली संघम या आदिवासी शेतकरी-मजुरांच्या संघटनेची इंद्रवेल्लीत सभा होती. मागणी जमिनीच्या हक्काची होती. परवानगी ऐनवेळी नाकारली गेली. तो सोमवार, आठवडी बाजाराचा दिवस. पाड्यापाड्यांतून पायी निघालेल्या अनेक गोंडांना मनाईची खबरच नव्हती. पोलिसांच्या गोळीबारात सरकारी आकड्यानुसार १३ जण ठार झाले. नागरी हक्क संघटनांनी हा आकडा ६० च्या आसपास सांगितला.

पुढे तेथे हुतात्मा स्तंभ उभा राहिला. मात्र दरवर्षी २० एप्रिलला जमावबंदी लागू होई आणि मृतांच्या आप्तांना तेथे एकत्र येऊन श्रद्धांजली वाहणेही कित्येक वर्षे शक्य झाले नाही. याउलट, याच इंद्रवेल्लीत ९ ऑगस्ट २०२१ रोजी काँग्रेस पक्षाची विराट जाहीर सभा झाली.

नकाराची कारणे लेखी, वेळेत आणि सर्वांना एकाच निकषाने देणे, हाच या भेदभावावरचा खरा उपाय होय.