बर्फ उशिरा, धरण आधी

"बर्फातली मच्छी ताजी, फ्रोझन म्हणजे शिळी," असं आपल्याकडे छातीठोकपणे सांगतात. मंडळी, इतिहास बघितला तर गोष्ट एवढी सोपी नाही.

आपल्या आठवडे बाजारात पिढ्यान्‌पिढ्या समुद्र आला तो सुकट-बोंबलाच्या रूपात. उन्हात वाळवलेली, वजनाला हलकी. ना वीज, ना बर्फ. पर्यावरणाच्या हिशेबात तिला आजही तोड नाही, पण सुकटीवर परिसंवाद कोण घेणार!

बर्फ हिंदुस्थानात आला 1833 साली, तोही अमेरिकेतल्या बोस्टनहून. गोठलेल्या तळ्यांवरून कापायचा, लाकडाच्या भुशात दाबायचा आणि चार महिने जहाजात. कलकत्त्याला निघालेल्या त्या पहिल्या जहाजात सुमारे 180 टन भरला होता, पोचला 100 च्या आसपास. पुढे मुंबईतही येऊ लागला. पण तो साहेबांच्या पेल्यासाठी. कोळणीच्या टोपलीपर्यंत बर्फ यायला त्याचे कारखाने निघावे लागले.

गोठवलेल्या मालाची कथा वेगळी. 1882 मध्ये 'डनेडिन' जहाज न्यूझीलंडहून गोठवलेलं मांस घेऊन लंडनला पोचलं. 1920 च्या दशकात क्लॅरेन्स बर्ड्सआयने मासा झपाट्याने गोठवायची पद्धत काढली. सावकाश गोठवलं की बर्फाचे मोठे खडे मांस फाडतात आणि वितळताना मासा पाणी सोडतो. 'फ्रोझन'ची बदनामी बरीचशी तिथली. आपल्या देशातून गोठवलेली कोळंबी 1953 ला कोचीहून अमेरिकेला गेली.

आता धुराचा हिशेब. बर्फातला मासा टिकून टिकून दोनेक आठवडे, म्हणून परदेशी जायचं तर विमान लागतं. उणे 18 अंशांवरचा महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून जहाजाने जातो. तेवढाच माल तेवढ्याच अंतरावर न्यायला विमान जहाजाच्या कित्येक पट कार्बन सोडतं. तिथे फ्रोझनच जिंकतं. पण इथून सुरतपर्यंतच जायचं तर बर्फ पुरे, जरी मासळीइतकाच बर्फ भरावा लागून गाडी निम्मं पाणीच वाहत असली तरी.

आणि आपल्याकडे मच्छी आता बाहेरून येते एवढंच नाही, इथूनही जाते. 1972 ला उकाई धरण झालं, नवापूर तालुक्यातली गावं पाण्यात गेली. मग सरदार सरोवर. अक्कलकुवा-धडगावची 33 गावं बाधित. 2017 ला त्याचे दरवाजेही बंद झाले. ज्यांची शेतं बुडाली त्यांनीच त्या पाण्यात जाळी टाकली, मच्छीमार सहकारी संस्था काढल्या. रोहू, कटला मिळतो. पण मे महिन्यात पारा 42 वर, आधी होडी, मग घाटरस्ता. काठावर बर्फ नसेल तर भाव व्यापारी ठरवतो, कारण त्याला माहीत असतं की संध्याकाळपर्यंत माल टाकून द्यावा लागेल.

यावर पुढारी सांगतात, कोल्ड स्टोरेज आणू. आणा. पण फ्रीझर घड्याळ थांबवतो, मागे फिरवत नाही. सकाळी होडीत नरम पडलेला कटला तालुक्याच्या गावी कितीही गोठवला तरी नरमच राहणार. पहिल्या तासाचा बर्फ महत्त्वाचा, आणि तो नदीकाठीच लागतो. कोल्ड स्टोरेजच्या भूमिपूजनाला बोलावलं तर मी एवढंच विचारणार आहे: काठावर बर्फ कोण पोचवणार, आणि कुठल्या होडीने?