अनुकंपी मज्जातंतूंवरील शस्त्रक्रिया : लाभाची मर्यादा आणि मागे न फिरणारे परिणाम

पूर्वीच्या आदिलाबाद आणि २०१६पासून कुमरम भीम आसिफाबाद जिल्ह्यात मोडणाऱ्या बेज्जूरच्या रानात उन्हाळ्यात तेंदूपाने तोडली जातात. प्राणहितेपलीकडे गडचिरोलीतही हाच हंगाम असतो. या पानांत तंबाखू वळून होणाऱ्या विडीची झळ फुप्फुसांप्रमाणेच पायाच्या बोटांनाही पोहोचते. १९०८ साली लिओ बर्गर यांनी वर्णिलेल्या व्याधीत हातापायांच्या लहान व मध्यम रक्तवाहिन्या सुजून त्यांत गुठळ्या होतात. बोटे काळीनिळी पडतात, जखमा चिघळतात. रुग्ण बहुधा पन्नाशीच्या आतले, तंबाखूच्या आहारी गेलेले पुरुष असतात.

रोग टोकाच्या वाहिन्यांत असल्याने बायपास जोडण्यास पुढे निरोगी वाहिनी बहुधा उरत नाही. अशा वेळी कमरेच्या मणक्यांलगतची अनुकंपी मज्जातंतूंची साखळी छेदण्याचा मार्ग सुचविला जातो. हे तंतू त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित ठेवतात. ते तुटले की पाय ऊबदार व कोरडा होतो, काहींचा ठणका कमी होतो, लहान जखम भरू शकते. बंद पडलेली धमनी मात्र उघडत नाही. स्नायूंचा रक्तपुरवठा फारसा वाढत नसल्याने चालताना पोटरीत उठणारी कळ जात नाही आणि त्वचेला झालेला लाभही कालांतराने ओसरतो. जुन्या मधुमेहात हे तंतू अनेकदा आधीच निकामी झालेले असल्याने तेथे फारशी आशा धरू नये. विडी सुटली नाही तर शस्त्रक्रियेनंतरही बोट गमावण्याची वेळ येऊ शकते; आणि विडी सोडून खर्रा धरणे म्हणजे सोडणे नव्हे.

शस्त्रक्रियेनंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी मांडीत वेदना सुरू होऊ शकतात. त्या बहुधा काही महिन्यांत शमतात. दोन्ही बाजूंचे वरचे गंड काढल्यास पुरुषाचे वीर्यस्खलन बिघडू शकते. रुग्ण तरुण असताना ही गोष्ट संमतिपत्राच्या बारीक अक्षरांत दडता कामा नये.

तळहातांच्या अतिघामासाठी हीच साखळी छातीत, दुर्बिणीतून छेदतात. हात बहुधा कोरडे होतात. पण पाठ, पोट व मांड्यांवर भरपाईचा घाम फुटणे हा सर्वांत नेहमीचा दुष्परिणाम आहे. काहींना तो मूळ त्रासाहून असह्य होतो आणि उन्हात राबणाऱ्याला तर दिवसभर ओले कपडे वागवावे लागतात. क्वचित पापणी खाली ओघळते, छातीत हवा साचते किंवा नाडी मंदावते. म्हणूनच ॲल्युमिनियम क्लोराइडचा लेप, पाण्यातून सौम्य वीजप्रवाह देण्याचा उपचार आणि बोटुलिनमची इंजेक्शने आधी आजमावतात. तंतू कापण्याऐवजी क्लिप लावली तरी ती काढल्यावर सारे पूर्ववत होईलच, याची हमी देता येत नाही.