धरणगावची भिल्ल पलटण

धुळ्याला पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, हे आपल्याकडं पोराटोरांनाही माहीत असतं. भरती निघाली की खान्देशातल्या गावोगावची पोरं पहाटे सडकेवर पळताना दिसतात. पोरांना १६०० मीटर, पोरींना ८००. पण गावच्या माणसाला सरकारी शिपाई करायचं काम आपल्या मुलखात दोनशे वर्षांपूर्वीच सुरू झालं होतं. ते धुळ्यात नाही, धरणगावात.

आधी त्याच्या मागची गोष्ट सांगतो. जुन्या काळी गावाची राखण भिल्लांकडं असायची. त्यांना जागले म्हणत. रात्री गस्त घालायची, चोराचा माग काढायचा, सडकेचा वाटसरू सुखरूप पुढं पोचवायचा. बदल्यात गावानं खळ्यावर धान्य द्यायचं. आमच्या लहानपणीसुद्धा खळ्यावर जागल्याची पाटी वेगळी भरली जायची. आमची मोठी माय म्हणायची, "जागल्या जागस म्हनीसन गाव झोपस."

पेशवाईच्या शेवटी ही घडी मोडली. १८०२ साली होळकरांच्या फौजांनी खान्देश लुटला, लगेच १८०३ चा दुष्काळ पडला. गावं ओस पडली. गावच उरलं नाही तर जागल्याचं धान्य देणार कोण? भिल्ल सातपुड्यात अन् सातमाळ्यात गेले आणि पोटासाठी लुटालूट करू लागले. काल ज्या सडका राखल्या, त्याच आज लुटायची पाळी आली.

१८१८ ला इंग्रज आले. कॅप्टन ब्रिग्ज यानं धुळ्याला कचेरी मांडली. भिल्लांवर फौजा गेल्या, डोंगराच्या वाटा अडवल्या, धरपकड झाली. सात वर्षं असंच चाललं. एक टोळी मोडली की दुसरी उठायची.

मग १८२५ मध्ये मुंबईचे गव्हर्नर एल्फिन्स्टन यांच्या काळात धोरण बदललं. कुकरमुंडे, कन्नड आणि धरणगाव इथं तीन भिल्ल एजन्सी झाल्या. भिल्लांना जमिनी द्यायच्या, नांगर-बैलाला तगाई द्यायची, गावाकडचे जुने हक्क तपासायचे, असं त्यांचं काम. आणि ज्यांना शेती नको, त्यांची पलटण उभी करायची. ते काम लेफ्टनंट जेम्स औट्रम या तरुण अंमलदाराकडं आलं. चाळीसगावहून कन्नडला जाताना लागणारा औट्रम घाट याच्याच नावाचा.

धरणगाव म्हणजे कापडाची जुनी पेठ. शिवाजी महाराजांच्या काळात इंग्रजांची वखार इथं होती. तिथं औट्रमनं ठाणं केलं. आधी यानंच भिल्लांवर हल्ला चढवलेला, त्यामुळं विश्वास कोण ठेवणार? सुरुवातीला बोटांवर मोजण्याइतकेच आले. एका जागी गोळा करून आपल्याला मारणार, अशी आवई उठली होती. औट्रम त्यांच्याबरोबर शिकारीला गेला, त्यांच्यात बसला-उठला. दोनेक वर्षांत पलटण तीनशेच्या आसपास गेली. मालेगावला ही पलटण गेली, तेव्हा तिथल्या पलटणीच्या शिपायांनी त्यांना बरोबरीनं बसवून पान-सुपारी दिली, असं सांगतात. पगारापेक्षा त्या पानाचं मोल जास्त असणार. ज्याला गावानं वेशीबाहेर ठेवलं, त्याला कोणीतरी शेजारी बसवलं होतं.

पण ही गोष्ट एवढी गोड नाही. पलटण काही भिल्लांच्या भल्यासाठी नव्हती, राज्य टिकवायला होती. १८५७ च्या उठावात खाज्या नाईक सातपुड्यात उभा राहिला. हा खाज्या आधी सेंधव्याच्या घाटात सरकारी राखणीवरच नोकरीला होता. ११ एप्रिल १८५८ ला अंबापाणीला लढाई झाली. कितीतरी भिल्ल मारले गेले, बायाबापड्या पकडल्या गेल्या. आणि सरकारच्या बाजूनं बंदूक धरणाऱ्यांत भिल्ल पलटणीचेही शिपाई होते. भिल्लासमोर भिल्ल. एकाला पगार मिळाला, दुसऱ्याचं जंगल गेलं. पुढं १८९१ मध्ये पलटण जिल्हा पोलिसांत मिसळली अन् नाव पुसलं गेलं.

मी दहावीपर्यंत शिकलेला शेतकरी. मला यातून एवढंच कळतं की राखण नुसत्या दंडुक्यानं होत नाही. जागल्याचा वाटा होता तोवर गाव सुखानं झोपलं. वाटा गेला, सडका बंद पडल्या. पगार अन् मान मिळाला, सडका पुन्हा चालू झाल्या. जंगल अन् जमीन हातची जाऊ लागली, तेव्हा घाट राखणाराच उलटला.

आज भरतीसाठी पळणाऱ्यांत आदिवासी पाड्यांवरची पोरंही असतात. कुणाचा पणजा पलटणीत असेल, कुणाचा खाज्या नाईकाबरोबर. त्यांना कवायत अन् कायदा शिकवतात, ते बरोबरच आहे. पण ट्रेनिंगमध्ये एखादा तास या धरणगावचाही ठेवावा. म्हणजे उद्या एखाद्या पाड्यावर बंदोबस्ताला उभं राहायची वेळ आली, तर समोरचा माणूस का चिडलाय, हे आधी विचारायचं त्यांना सुचेल.