पीटीसीच्या पट्टीची गोष्ट

जीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मी वर्षानुवर्षं पीटीसीच्या पट्ट्या वाटल्या. गाळणकागदाचा बोटभर तुकडा, त्यावर फेनिलथायोकार्बामाइडचा जरासा अंश. जिभेवर ठेवताच निम्म्याहून जास्त मुलं नळाकडे पळत. एखादी मुलगी मात्र कागद चघळतच विचारी, "मॅडम, याला चव असते?" जर्नलमध्ये तिच्या नावापुढे उणेचं चिन्ह पडे. ते मला फार खुपायचं.

ही प्रथा १९३१ सालची. ड्यू पॉन्टच्या प्रयोगशाळेत आर्थर फॉक्स ही भुकटी बाटलीत भरत होते. ती उडाली आणि सहकारी नोलर यांचं तोंड कडूजहर झालं. फॉक्सना काहीच लागेना! मग इतरांना चाखवून झाली. स्नायडर आणि ब्लेकस्ली यांनी कुटुंबं तपासली, तेव्हा चव न लागणं अप्रभावी गुणासारखं वारशाने येतं असं दिसलं. पट्टी शाळाकॉलेजांत शिरली, मानववंशशास्त्रज्ञांच्या सामानात गेली. डीएनए चाचणी येण्याआधी मुलाचा बाप कोण हे ठरवण्यासाठीही ती वापरली गेली. हे मला भयंकर वाटतं. कारण पुसट कडू लागणारी माणसंही असतात, आणि चव न लागणाऱ्या आईबापांच्या मुलाला ती लागल्याच्या नोंदीही आहेत.

उलगडा २००३ मध्ये झाला. सातव्या गुणसूत्रावरचं टीएएस२आर३८ हे जनुक सापडलं. त्याचं प्रथिन जिभेवरच्या चवपेशीच्या पटलात बसलेला ग्राही आहे, ३३३ अमिनो आम्लांचा. ४९ व्या जागी प्रोलीन असेल तर सहसा कडू लागतं, तिथे अ‍ॅलानीन आलं तर सहसा नाही. २६२ आणि २९६ या जागांवरचे बदलही बहुधा त्याच्या सोबतीने येतात. कडू ओळखणारे असे ग्राही माणसात सुमारे पंचवीस आहेत. त्यातला हा एक. क्विनीन त्या मुलीलाही कडूच लागणार. मग उणं कशाचं?

१९३९ मध्ये फिशर, फोर्ड आणि हक्सली यांनी चिंपांझींना पीटीसी घातलेलं गोड पाणी पाजलं होतं. काहींना ते कडू लागलं, काहींना नाही. हा फरक माणूस आणि चिंपांझी वेगळे होण्याआधीचा असावा, असं त्यांनी मांडलं. २००६ मध्ये चिंपांझींचं जनुक वाचलं गेलं. त्यांच्यात ४९ व्या जागेचा प्रश्नच नव्हता. प्रथिन जिथून बनायला सुरुवात होते, ती खूणच बिघडली होती. दोन्ही प्राण्यांत हा बदल आपापला, स्वतंत्रपणे झाला होता.