धूळपाटीची विलायतवारी

इ. स. १६२३ च्या अखेरीस गोव्याच्या पोर्तुगीजांनी इक्केरीच्या वेंकटप्पा नायकाकडे जी वकिलात रवाना केली, तिच्यासमवेत पिएत्रो देल्ला व्हाल्ले नावाचा एक रोमन गृहस्थ केवळ मुलूख पाहण्याच्या हौसेने गेला होता. वाटेत एका देवळाच्या ओवरीत त्यास चार मुले अंक म्हणत बसलेली दिसली. एकाने सूर धरून पाठ म्हणावा, बाकीच्यांनी त्याच सुरात तो म्हणत जमिनीवर पसरलेल्या बारीक वाळूत बोटाने लिहावा, आणि जागा भरली की नवी वाळू पसरून पुन्हा आरंभ करावा, असा तो क्रम होता. जवळपास गुरू कोणी नव्हता. चुकलात तर सुधारणार कोण, असे या पाहुण्याने विचारले, तेव्हा मुलांनी सांगितले की आम्ही चौघे एकाच जागी एकदम चुकणे संभवत नाही. एक अडला तर दुसरा त्यास सावरतो. हे उत्तर त्याला इतके आवडले की त्याने ते आपल्या प्रवासपत्रांत नोंदून ठेवले.

महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळेचे वर्णन बहुधा छडी आणि घोडी यांपाशीच संपते. त्या शिक्षा खऱ्या होत्या यात शंका नाही; परंतु त्या शाळेचे रहाटगाडगे छडीने फिरत नव्हते. मुंबई इलाख्यात १८२९ साली झालेल्या गणतीत सरकारी व देशी मिळून १,७०५ शाळा आणि ३५,१४३ विद्यार्थी नोंदले गेले, म्हणजे सरासरीने दर शाळेस वीसएक मुले पडली. वीस मुलांस एक गुरू पुरे, असे कागदावर हिशेब मांडणाऱ्यास वाटेल. पण त्या शाळेत इयत्ता नव्हत्या, वर्षारंभ नव्हता, बापाला ज्या दिवशी मुहूर्त सापडे त्या दिवशी मुलगा दाखल होई, आणि त्यामुळे एकाच ओटीवर एक मुलगा धूळपाटीवर ओनामा गिरवीत असे, दुसरा बाराखडीत गुंतलेला असे, तिसरा बोरूने मोडीचा कित्ता वळवीत असे, तर चौथा पावकी-निमकीपासून अडीचकीपर्यंतची उजळणी संपवून एखाद्या पेढीवर किंवा कचेरीत उमेदवारी मिळण्याची वाट पाहत असे. अशा स्थितीत थोराने धाकट्याचे बोट धरावे आणि सायंकाळच्या परवच्यास त्यानेच पुढे सांगावे, हा शिरस्ता हुकमाने घातलेला नव्हता. तो गरजेतून पडला होता.

यात धाकट्याचा लाभ उघड आहे. थोरास काय मिळे, ते मला स्वानुभवाने ठाऊक आहे. लहानपणी आजोबांनी माझ्याकडून पावकी घोकून घेतली, ती मला अगदी पाण्यासारखी येत असे. म्हणजे पहिल्यापासून म्हणू लागलो की कोठेही न अडखळता मी शेवटास पोहोचत असे. पुढे धाकट्या बहिणीस ती शिकविण्याचे काम माझ्याकडे आले आणि तिने मध्येच विचारले, "दादा, सात पाव पावणेदोन कसे रे?" मी लगेच पहिल्यापासून म्हणू लागलो, तर ती म्हणाली, "म्हणू नकोस, सांग." अखेर चिंचोके आणावे लागले. सात मांडले, चारांचा एक ढीग केला, उरले तीन. चार पाव म्हणजे एक, तीन पाव म्हणजे पाऊण, आणि एक व पाऊण मिळून पावणेदोन. तिला ते समजले की नाही, हे आता आठवत नाही. मला मात्र त्या दिवशी समजले, आणि आजोबांनी हे काम माझ्याच गळ्यात का घातले असावे, याचाही थोडा उलगडा झाला.

हा शिरस्ता समुद्रापार गेला तो अँड्र्यू बेल नामक स्कॉटिश पाद्र्यामुळे. सेंट अँड्र्यूज गावच्या एका न्हाव्याचा हा मुलगा १७८७ साली मद्रासेस आला आणि १७८९ मध्ये एग्मोर येथील सैनिकांच्या अनाथ मुलांच्या आश्रमशाळेची देखरेख त्याच्याकडे आली. एके दिवशी सकाळी घोड्यावरून रपेट करीत असता एका देशी शाळेतील मुले वाळूत अक्षरे काढताना त्याने पाहिली, आणि शाळेत येताच आपल्या शिक्षकांस तसेच शिकविण्यास फर्माविले. पगारी शिक्षकांनी नाके मुरडली. हे होणे नाही, असे ते म्हणाले. तेव्हा बेलने जॉन फ्रिस्किन या अवघ्या आठ वर्षांच्या, एका साध्या शिपायाच्या मुलाच्या हाती तो वर्ग दिला, आणि मोठ्यांस जे जमत नव्हते ते या पोराने करून दाखविले. मग बेलने प्रत्येक वर्गात जोड्या लावल्या, एक शिकविणारा आणि एक शिकणारा. आणि शिकविणाऱ्यास दुसऱ्याला सांगता सांगता स्वतःचा पाठ अधिक पक्का होतो, हे त्याने मोठ्या आग्रहाने मांडले. १७९७ साली लंडनमध्ये त्याने जो वृत्तान्त छापला, त्याच्या लांबलचक शीर्षकातच शाळेने किंवा कुटुंबाने आपणच आपणास शिकवावे, हा आशय होता.

पुढे काय झाले ते फारसे स्पृहणीय नाही. लंडनमधील जोसेफ लँकास्टर या क्वेकर तरुणाने १७९८ साली शाळा काढून हीच पद्धत एवढी फैलावली की एक शिक्षक हजार मुले सांभाळील, अशी ग्वाही तो देऊ लागला. मूळ कल्पना कोणाची, यावरून बेलचे आणि त्याचे पक्षपाती वर्षानुवर्षे भांडले. मात्र दोन्ही पक्षांच्या आश्रयदात्यांस मोह पडला होता तो काटकसरीचा. किती शिक्षकांचा पगार वाचला, याचा तपशील जमाखर्चात सहज मांडता येतो. शिकविणाऱ्या पोराच्या डोक्यात काय उजळले, त्यास खतावणीत सदर नाही.

आणि आता या कथेतील गमतीचा भाग. कंपनीच्या डायरेक्टरांनी ३ जून १८१४ च्या खलित्यात हिंदुस्थानातील गावपंतोजींच्या शिक्षणरीतीची तारीफ करून, डॉक्टर बेलच्या हस्ते ती इंग्लंडात स्वीकारली गेली, असे स्वच्छ लिहिले होते. तरीही त्यानंतर दहाबारा वर्षांच्या आत, एल्फिन्स्टनसाहेबांच्या अमदानीत, मुंबईच्या स्कूल-बुक सोसायटीने कॅप्टन जार्व्हिस यांच्या चिटणिसीखाली आमच्या शाळा सुधारावयास घेतल्या, तेव्हा सुधारणेचा उपाय म्हणून जी पद्धत मंजूर झाली ती लँकास्टरची! घरचीच धूळपाटी विलायतेचा शिक्का घेऊन परत आली, आणि पंतोजींच्या वारसांस ती नव्याने शिकविण्याचा उद्योग सुरू झाला.

शिकविणाऱ्याच्या लाभाचे जे अंग या उठाठेवीत झाकले गेले, ते मला पुन्हा दिसते ते १८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या विद्यार्थ्यांनी काढलेल्या 'स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी'त. इंग्रजीतून जे शास्त्र वाचले ते मराठीत व गुजरातीत आपल्या लोकांपुढे मांडावे, म्हणून या मंडळींनी ज्ञानप्रसारक सभा स्थापिल्या. आणि पुढच्या वर्षी मुलींच्या शाळा उघडून, दादाभाई नौरोजींसारखे तरुण आरंभी स्वतःच बिनपगारी शिकवू लागले. परभाषेत पाठ केलेले शास्त्र मातृभाषेत सांगावयाचे म्हटले की वक्त्याची तीच गत होते, जी माझी चिंचोक्यांपुढे झाली होती.

लँकास्टरची पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास विलायतेतच मागे पडली आणि इकडेही विसरली गेली. मात्र तिच्यातील एक हुद्दा आमच्या शाळांतून अद्याप टिकून आहे. त्या हुद्देदारास 'मॉनिटर' म्हणतात, आणि गुरुजी वर्गाबाहेर गेले असता दंगा करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहिणे, हे त्याचे काम असते.