छातीचा फ्लॅप
'छातीचं मांस गालाला लावलं' : हा 'पेक्टोरालिस मेजर' फ्लॅप. अमेरिकन शल्यविशारद स्टीफन आरियन यांनी तो १९७९ मध्ये मांडला. छातीचा स्नायू वरच्या कातडीसकट उचलतात, पण पुरता तोडत नाहीत; गळपट्टीच्या हाडाखालून येणारी रक्तवाहिनी देठासारखी शाबूत ठेवून तो मानेच्या कातडीखालून तोंडापर्यंत वळवतात. रक्तवाहिन्या मायक्रोस्कोपखाली जोडत बसावे लागत नाही, म्हणूनच तंबाखूने गाल-जबडा गमावलेल्यांची रीघ लागते त्या आपल्याकडच्या रुग्णालयांत तो अजून टिकून आहे. पुरुषांच्या छातीवरचे केस मात्र गालाच्या आतही वाढत राहतात (रेडिएशननंतर बहुधा गळतात). पुढच्या प्रकरणातली 'घासात केस येतो' ही तक्रार त्यामुळे भ्रम समजू नये; स्वयंपाकिणीवरचा राग तेवढा अनाठायी. — संपा.